एका सत्रासाठी केनियाच्या किनाऱ्यावर शिकवायला जाताना

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेनंतर चहा पिताना कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, मलाही जायचंय. काय काय लागतं?" मी नाशिकची, गणिताची शिक्षिका. निवृत्तीनंतर एका सत्रासाठी मोंबासाजवळ रबाईच्या बाजूला एका खेड्यात गेले होते, तिथल्या मंडळीच्या प्राथमिक शाळेत शिकवायला. तेव्हा जे जे कुणी आधी सांगायला हवं होतं असं वाटलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

त्याआधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ज्या शिक्षकाच्या वर्गात तुम्ही जाणार, तो तुमच्या आधीपासून तिथे आहे आणि तुम्ही परतल्यावरही तिथेच राहणार आहे. तुम्ही त्याच्या मदतीला जाताय. हे मनात पक्कं असलं की निम्मे प्रश्न तिथल्या तिथे सुटतात.

निघण्याआधी तीन महिने

पहिलं काम पत्राचं. तिथल्या मंडळीकडून लेखी निमंत्रण मागवा. त्यात तारखा, शाळेचं नाव, राहण्याची सोय, तुम्ही कोणता विषय शिकवणार आणि कुणाच्या हाताखाली, हे स्पष्ट असू द्या. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. ती सहज मिळते, म्हणून "फिरायला चाललोय" असं लिहून तिच्यावरच शिकवायला जाण्याचा मोह होतो. तसं करू नका. तिथे बिनपगारी कामसुद्धा कामच धरतात आणि त्याला परवाना लागतो. थोड्या मुदतीसाठी 'स्पेशल पास' असतो, लांब मुदतीसाठी धार्मिक आणि धर्मादाय कामाचा वेगळा परवाना. निमंत्रण देणाऱ्या संस्थेच्या पाठिंब्याने तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ जातो. "देवाचं काम आहे, कोण अडवतंय" असं म्हणणारे आपल्यातही आहेत. पण अडवलं तर तुम्ही विमानाने घरी येता आणि खेटे घालत बसतात ते मागे राहिलेले पाळक, म्हणजे तिथले पास्टर.

मुलांमध्ये काम करायचं म्हणून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही काढा. पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. कुणी मागितलं नाही तरी स्वतःहून द्या.

मग लस. पीतज्वराची म्हणजे यलो फीव्हरची लस नेहमीच्या डॉक्टरांकडे मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत, पण वार आणि वेळ ठरलेली असते. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी ती टोचलेली हवी. लस घेतल्याच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक पासपोर्टला जोडूनच ठेवा. ते तिकडे जातानापेक्षा परत येताना जास्त लागतं, कारण केनियाहून येणाऱ्याकडे ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांशी बोला. काही गोळ्या निघण्याच्या आधीपासून सुरू करायच्या असतात आणि परतल्यावरही काही आठवडे घ्यायच्या असतात. तिथे पोचल्यावर "मला कुठे डास चावले" म्हणून त्या बंद करू नका.

कधी जायचं? शाळेची तीन सत्रं असतात, पहिलं जानेवारीत सुरू होतं. दुसरं एप्रिलअखेर-मेच्या सुमारास, आणि मे हा किनाऱ्यावरचा सगळ्यात पावसाळी महिना. आपल्या कोकणातला जुलै डोळ्यांपुढे आणा.

बॅग भरताना

आपल्याला प्रत्येक वस्तू कॅरीबॅगमध्ये गुंडाळून ठेवायची सवय. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे. बॅग भरून झाली की पुन्हा उघडा आणि चपलांची, ओल्या कपड्यांची, चटणीच्या डब्याची, सगळ्या पिशव्या काढून कापडी घाला.

तिथले सॉकेट चौकोनी तीन पिनांचे असतात, आपली गोल पिन बसत नाही. दोन अॅडॉप्टर न्या. टॉर्च हवीच. कपडे सुती, सैल, गुडघ्याखाली जाणारे. आपला पंजाबी ड्रेस उत्तम चालतो, पुरुषांनी शाळेत अर्धी चड्डी घालू नये. दमट हवेत कपडे वाळत नाहीत, म्हणून थोडे पण लवकर वाळणारे घ्या. भूमितीच्या पेट्या, रंगीत खडू असं जे काही शाळेसाठी न्यायचं असेल ते आधी विचारून न्या. मी हौसेने पंचवीस पट्ट्या नेल्या. शाळेला हव्या होत्या फळ्यावर वापरायच्या मोठ्या लाकडी कंपास आणि गुण्या.

पहिले दोन दिवस

मुंबईहून नैरोबी विमानाने साधारण सहा तास. तिथून मोंबासा विमानाने गाठता येतं, पण दिवसाची रेल्वे घ्या. २०१७ साली सुरू झालेली ही गाडी पाच-सहा तासांत पोचवते आणि वाटेत त्सावो राष्ट्रीय उद्यानाच्या लाल मातीत हत्ती दिसतात. घड्याळ अडीच तास मागे करा.

मोंबासात उतरल्यावर पहिल्याच दिवशी पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या आणि त्यावर 'एम-पेसा' सुरू करून घ्या. मोबाइलवरून पैसे देण्याची ही पद्धत तिथे २००७ पासून आहे, आपल्याकडे यूपीआय येण्याच्या कितीतरी आधी. भाजीवाली, मोटारसायकलवाला, मंडळीची दानपेटी, सगळं त्यावर चालतं. पैसे पाठवताना पुढच्या माणसाचं नाव पडद्यावर येतं, ते वाचूनच पुढे जा.

खेड्यात पाणी पिवळ्या वीस लिटरच्या कॅनमधून येतं. माझ्या घरमालकीणबाई असे दोन कॅन रोज भरून आणायच्या, पहाटे. आंघोळीला अर्धी बादली घ्यायची, हे मला कुणी सांगितलं नाही, त्यांची पाठ बघून कळलं. पिण्याचं पाणी उकळलेलंच. रात्री मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून झोपा, उकडलं तरी.

घड्याळ, वार आणि नाती

आता सगळ्यात गोंधळाची गोष्ट. स्वाहिलीत दिवसाचे तास मध्यरात्रीपासून मोजत नाहीत, सूर्योदयापासून मोजतात. म्हणजे आपले सकाळचे सात तो त्यांचा पहिला तास, 'सा मोजा'. आठ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा तास. वेळ ऐकली की त्यात सहा मिळवायचे. पाळकांनी मला शिक्षकांच्या प्रार्थनासभेची वेळ 'सा म्बिली' सांगितली आणि मी 'म्बिली' म्हणजे दोन एवढं शिकून गेले असल्याने दुपारी दोनला पोचले. सकाळी आठपासून त्या लोकांनी माझी वाट पाहिली होती, चहा दोनदा गरम केला होता, आणि कुणीही बोल लावला नाही. सगळे फक्त "पोले, पोले" म्हणाले. तुम्हाला त्रास झाला त्याचं वाईट वाटतं, असा त्याचा अर्थ. त्रास तर मी त्यांना दिला होता. तेव्हापासून वेळ विचारली की मी "सकाळी की दुपारी, इंग्रजी घड्याळाने की स्वाहिली?" हे विचारतेच. इंग्रजी बोलताना ते इंग्रजी वेळ सांगतात, स्वाहिली बोलताना स्वाहिली. गडबड होते ती मिसळून बोलताना.

वारांचंही तसंच. मोजणी शनिवारपासून. 'जुमामोसी' म्हणजे पहिला, तो शनिवार. 'जुमापिली' दुसरा, म्हणजे रविवार. 'जुमाटानो' या शब्दात पाच आहे, पण तो बुधवार.

भाषा मात्र मराठी माणसाला लवकर जवळची वाटते. साबणाला साबुनी, रंगाला रांगी, दुकानाला दुका, गाडीला गारी, तयारला तायारी, हिशेबाला हेसाबू. कितीतरी शब्द अरबी-फारसीतून त्यांच्याकडे आणि आपल्याकडे आले, काही हिंदी महासागर ओलांडून इथूनच गेले. फसवणारे चार शब्द मात्र पाठ करून ठेवा. 'मामा' म्हणजे आई. 'काका' म्हणजे भाऊ. 'दादा' म्हणजे बहीण. 'बाबा' मात्र बाबाच. बाईमाणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, मामा अमुक. वयस्कर माणूस भेटला की 'शिकामो' म्हणा, ते 'माराहाबा' म्हणतील. मुलं तुम्हाला 'शिकामो' म्हणाली तर तुमचं उत्तर 'माराहाबा'. दारात उभं राहून 'होदी' अशी हाक द्यायची आणि आतून 'कारीबू' ऐकू आल्यावरच पाय आत टाकायचा. नमस्कार-चमत्कारात वेळ जातो असं वाटून थेट कामाचं बोलायला लागलात, तर ते उद्धटपणाचं दिसतं. घरचे कसे, झोप झाली का, पाऊस कसा आहे, हे सगळं विचारूनच मुद्द्यावर या.

वर्गात

पहिला आठवडा मागच्या बाकावर बसा. खडू हातात घेऊ नका. शिक्षक कसा बोलतो, मुलं कशी उत्तर देतात, कोण गप्प असतं, हजेरी कशी घेतात, वह्या कधी तपासतात, हे बघा. मला हे जड गेलं. पस्तीस वर्षं फळ्यासमोर काढलेली बाई मी. पण त्या आठवड्यात कळलं की वर्गात दोन-तीन मुलांत मिळून एक पुस्तक आहे, आणि ज्याच्या हातात पुस्तक असतं तो वाचतो, बाकीचे त्याच्या ओठांकडे बघतात. माझ्या डोक्यात तयार असलेले निम्मे पाठ तिथेच बाद झाले.

खालच्या वर्गांत मुलं घरच्या भाषेत आणि स्वाहिलीत शिकतात, चौथीपासून इंग्रजी. रबाई, गिरियामा, दुरुमा अशा नऊ समाजांना मिळून मिजिकेंदा म्हणतात. एकाच बाकावर तीन बोली असू शकतात. तुमचं इंग्रजी त्यांना नवं, त्यांचं तुम्हाला. सावकाश बोला, लिहून दाखवा, आणि 'समजलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्याऐवजी एखाद्याला फळ्यावर बोलवा.

एक प्रसंग सांगते. सहावीच्या वर्गात मी हाताच्या सवयीने फळ्यावर २,५०,००० लिहिलं. पन्नासच्या आसपास मुलं, आणि अचानक शांतता. कुणाला ती संख्या वाचता येईना. वर्गशिक्षक खिडकीपाशी उभे होते. ते पुढे आले, बोटाने माझा पहिला स्वल्पविराम पुसला, दुसरा तसाच ठेवला आणि मला म्हणाले, "लाकी म्बिली ना नुसू, मॅडम." लाकी! आपला लाख. संख्या लिहायची पद्धत इंग्रजांची, पण बाजारात बोलताना शब्द आपला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तास घेतला. एकाच संख्येत स्वल्पविराम भारतात कुठे आणि केनियात कुठे, आणि जागा बदलली तरी किंमत का बदलत नाही. स्थानिक किमतीचा इतका चांगला तास मी नाशिकमध्येही घेतला नसेल. आणि तो तास माझा नव्हता, आमचा होता. म्हणून सांगते, प्रत्येक पाठ वर्गशिक्षकाबरोबर बसून आखा. आज तुम्ही शिकवा आणि ते बघतील, उद्या त्यांनी शिकवावं आणि तुम्ही वह्या तपासाव्यात. तुमच्या तासाला त्यांनी स्टाफरूममध्ये जाऊन बसणं हे चांगलं लक्षण नाही.

ख्रिस्ती धर्मशिक्षण हा तिथे अभ्यासक्रमातला विषय आहे आणि तो शाळेचे शिक्षक शिकवतात. शिवाय आठवड्यात एक वेळ पाळकीय मार्गदर्शनाची असते. त्या वेळी बोलावलं तर गोष्ट सांगा, गाणं शिकवा, थोडक्यात साक्ष द्या, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगा. किनाऱ्यावर मुसलमान शेजार मोठा आहे आणि मंडळीच्या शाळेतही त्यांची मुलं येतात, विश्वासाने येतात. त्या मुलांना बाजूला घेऊन काही सांगणं किंवा खाऊ देऊन प्रार्थनेला बसवणं हे त्यांच्या आईबापांचा विश्वासघात आहे. आपल्याला हे करायचं नाही.

शिक्षेबद्दल. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने शारीरिक शिक्षेपासून संरक्षण दिलं आहे. तरी कुठे छडी दिसली तर मुलांसमोर शिक्षकाला टोकू नका. पण गप्पही बसू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांशी एकांतात बोला.

ताटात काय

सकाळी मुलांना पातळ गोड पेज, 'उजी'. दुपारी मका आणि घेवड्याचे दाणे एकत्र शिजवलेलं 'गिथेरी'. घरी 'उगाली', म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. उजव्या हाताने छोटा गोळा घ्यायचा, अंगठ्याने त्यात खळगा करायचा आणि भाजी उचलायची. सोबत 'सुकुमा विकी' ही पालेभाजी. नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. महिनाअखेर आपल्याकडे पिठलं जे करतं तेच ती करते.

आणि मग रविवारी सकाळी नारळाच्या दुधातली तूर, 'म्बाझी', बरोबर वेलची घातलेले फुगलेले 'महाम्री'. घरमालकीणबाई नारळ खवायला बसल्या तेव्हा मी थक्क झाले. बुटकं लाकडी बैठं, त्याला पुढे दातेरी पातं, त्यावर पाय टाकून बसायचं. रत्नागिरीच्या माझ्या आजीची खवणीच. तिला ते म्हणतात 'म्बुझी', शेळी. त्या दिवशी मी उठून म्हटलं, "मला द्या." अर्ध्या नारळानंतर माझं पातं वाटीच्या तळाला न लागता फिरतंय हे बघून त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त दुसरा नारळ पुढे सरकवला. त्या दिवसापासून मी पाहुणी राहिले नाही. तुम्हाला जे काम हाताने येतं ते करून बघा. भाषा येण्याआधी तेच कामाला येतं.

तुमच्यासाठी कोंबडी कापली तर नको म्हणू नका. चालत नसेल तर पहिल्याच दिवशी, कापायच्या आधी सांगा.

रविवार

उपासना तीन तासांपर्यंत चालते. "ब्वाना आसिफीवे" म्हणजे प्रभूची स्तुती असो, उत्तर "आमेन". पाहुण्याला उभं करून दोन शब्द बोलायला सांगतातच, त्याला 'सलामू' म्हणतात. तयारी करून जा. तुमच्या मंडळीचा सलाम, तुमचं नाव, एक वचन, बस. कोयर गायली की कदाचित तुम्हालाही गा म्हणतील. मराठी भजन म्हणा, हाताने ताल धरा. तिसऱ्या ओळीला ढोल तुमच्याबरोबर येईल.

ज्यांच्याकडे रोख पैसे नसतात ते अंडी, नारळ, कोंबडी, मक्याची कणसं वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. तुम्ही बोली लावा, पण चढाओढ करून भाव फुगवू नका.

बायकांनी एक 'लेसो' विकत घ्यावी, कमरेला गुंडाळायचं छापील कापड. त्याच्या काठावर स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते. नेसण्याआधी कुणाकडून तरी ती वाचून घ्या, कारण काही ओळी सवतीला नाहीतर भांडखोर शेजारणीला मारलेले टोमणे असतात.

एक शनिवार राखून ठेवा

तो मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनसाठी. मराठी ख्रिस्ती माणसाने तिथे गेल्याशिवाय परत येऊ नये असं मला मनापासून वाटतं. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला आणली जात आणि त्यांतली बरीच आमच्या नाशिकजवळ शरणपूरला मिशनच्या शाळेत वाढली. सुतारकाम, लोहारकाम शिकली, पवित्र शास्त्र शिकली. १८६४ पासून त्यांतले काही शिक्षक म्हणून रबाईला गेले. पुढे १८७४-७५ मध्ये, शरणपूरचं काम पाहिलेले विल्यम प्राइस मोंबासाला आले आणि मुक्त झालेल्या गुलामांची ही वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं नाव तिला मिळालं. १८७३-७४ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे शरणपूरचे विद्यार्थी होते. शरणपूरहून रबाईला गेलेल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली.

तिथे रस्त्याच्या कडेला घंटेचा मनोरा अजून उभा आहे. गुलाम पकडणारे येताहेत हे कळवायला ती घंटा वाजवत. त्या चौकाचं नावच 'केंगेलेनी', घंटेपाशी. मी शाळेच्या दोन शिक्षकांना बरोबर घेऊन गेले होते. नाशिकचं नाव निघाल्यावर त्यांतला एक म्हणाला, "म्हणजे तुमच्या गावाहून आम्हाला शिक्षक येण्याची ही पहिली वेळ नाही." मी बराच वेळ मनोऱ्याच्या दगडावर हात ठेवून उभी होते.

मुलं, पैसे, शब्द

कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसू नका. मुलांचे फोन नंबर घेऊ नका, त्यांना आपला देऊ नका. फोटो आधी मुख्याध्यापकांना विचारून. अनवाणी पाय आणि फाटका गणवेश दाखवणारे फोटो काढूच नका, आपल्या मुलांचे तसे फोटो आपण कुणाला काढू दिले नसते. मदत करायची असेल तर ती मंडळीच्या किंवा शाळेच्या समितीमार्फत, पावती घेऊन. एका मुलाच्या हातात दिलेली नोट दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला कळलेली असते.

आणि शब्द देऊ नका. सातवीतल्या एका मुलीने "तुम्ही पुढच्या वर्षी याल?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून "हो" गेलं. मी पुढच्या वर्षी जाऊ शकले नाही. ती वर्षाच्या सुरुवातीला दोन आठवडे रोज फाटकापर्यंत येऊन बघायची, असं तिच्या शिक्षकांनी नंतर मला फोनवर सांगितलं. माझ्या हातून झालेली ही चूक मला आजही सलते. "मला माहीत नाही" हे खरं उत्तर त्या मुलीला पचलं असतं.

परतताना

शेवटचा आठवडा नवं काही सुरू करू नका. कोणता धडा कुठवर आला, कोणत्या मुलाला कुठे अडतं, हे वहीत लिहून ती वर्गशिक्षकांना द्या. केलेले तक्ते, खेळ, पत्ते तिथेच ठेवा. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं होतील, तुमचं सगळ्यात लहान असू द्या, आणि त्यात वर्गशिक्षकांचं नाव आधी घ्या.

घरी आल्यावर मंडळीत साक्ष देताना तिथल्या गरिबीचं वर्णन करून डोळ्यांत पाणी आणणं सोपं असतं. त्यापेक्षा तिथल्या शिक्षकांबद्दल सांगा, ते पन्नास मुलांना तीन भाषांत भागाकार कसा शिकवतात ते सांगा.

मलेरियाच्या गोळ्यांचा उरलेला कोर्स पुरा करा. पुढच्या काही महिन्यांत ताप आला, साधा वाटला तरी, त्याच दिवशी रक्त तपासा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी आफ्रिकेत, केनियाच्या किनाऱ्यावर राहून आले आहे.